धावत्या उंदराचा थीटा: प्रकल्प नोंदी

२ जून: प्रश्न कोणता, आखणी कशी

उंदीर चाकावर धावायला लागला की त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागात, साधारण ६ ते १० हर्ट्झची, दातेरी करवतीसारखी एक मोठी लाट सुरू होते. हीच थीटा. युंग आणि कोर्नम्युलर यांनी १९३८ मध्ये ती सशाच्या मेंदूत टिपली. १९५४ मध्ये ग्रीन आणि आर्दुइनी यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास केला. व्हँडरवुल्फ यांनी १९६९ मध्ये तिचा संबंध ऐच्छिक हालचालीशी जोडला. वेग आणि वारंवारता यांचं नातं १९७५ मध्ये मॅकफार्लंड आणि सहकाऱ्यांनी मांडलं. तेव्हापासून ‘वेग वाढला की थीटा जलद होते’ हे विधान जवळजवळ पाठ्यपुस्तकी झालं आहे. २०२१ मध्ये क्रॉफ आणि सहकाऱ्यांनी मात्र धावत्या उंदरांत वारंवारता वेगावर नव्हे, तर धन त्वरणावर चालते असं दाखवलं.

या कामाचा प्रश्न त्याहून साधा आहे. चाकावर वेग आणि थीटाचा आलेख काढला की तिरपी रेषा मिळते, हे ठाऊक आहे. त्या तिरपेपणात मेंदूचा वाटा किती, आणि चाकाचा, तारेचा, तापमानाचा, गणिताचा वाटा किती, हे वेगळं करायचं आहे. बदल मुळातच लहान असतो. सगळा वेग पालथा घातला तरी वारंवारता एखाद-दीड हर्ट्झच सरकते. एवढ्याशा बदलात कुठलीही बारीक चूक सहज लपून जाते.

प्राणी: विस्टार जातीचे प्रौढ नर, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. प्राणिगृह सीसीएसईए (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी सरकारी समिती) नोंदणीकृत, आराखड्याला संस्थेच्या प्राणी आचारसमितीची मंजुरी. उजेड-अंधाराचं चक्र १२-१२ तासांचं, पण उलटं. दिवसा अंधार ठेवला तरच कामाच्या वेळेत उंदीर धावतो. सक्तीचा ट्रेडमिल नको असं ठरलं. मागून ढकलला जाणारा उंदीर घाबरलेला असतो, आणि भीतीत, अपेक्षेत, एका जागी थिजून बसला असतानाही संथ थीटा उठते. क्रॅमिस, व्हँडरवुल्फ आणि ब्लँड यांनी १९७५ मध्ये हे दोन प्रकार ॲट्रोपिन या औषधाने वेगळे केले होते: ॲट्रोपिनने थांबते ती बसल्या जागची, न थांबता टिकते ती हालचालीची. दोन्ही एकत्र मिसळल्या तर वेगाचा हिशेब सुरुवातीलाच बिघडतो.

५ जून: चाक

व्यास ३५ सेंमी, म्हणजे परिघ ११० सेंमी. रुंदी १२ सेंमी. सळ्यांचं चाक बाद केलं, कारण त्यात पंजा आणि शेपटी अडकते. ॲक्रिलिकची सलग पट्टी घेऊन आतून बारीक जाळी चिकटवली. चाक एकाच बाजूने धरलेलं आहे, दुसरी बाजू पूर्ण उघडी. डोक्यावरची तार त्या बाजूने वर जाते. दोन्हीकडून आस असलेल्या चाकात तार बांधलेला उंदीर धावूच शकत नाही.

बेअरिंग ६०८ क्रमांकाचं, आस ८ मिमीचा. नव्या बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस असतं. हलक्या जनावराला ते जड जातं. ग्रीस धुऊन पातळ तेलाचे दोन थेंब घातले. मग तोल तपासला: चाक हलकेच फिरवून सोडायचं, दर वेळी एकाच जागी थांबलं तर ती बाजू जड. समोरच्या बाजूला आतून शिशाची चकती चिकटवून तोल साधला. ही पायरी टाळली तर दर फेरीला वेग एकदा वाढतो, एकदा घटतो, आणि ते उंदराचं धावणं समजलं जातं.

चाकाचं फिरणं मोजणारा एन्कोडर १०२४ स्पंदांचा, दोन वाहिन्यांचा. चारही कडा मोजल्या तर फेरीला ४०९६ मोजण्या, म्हणजे एक मोजणी सुमारे ०.२७ मिमीची. आस आणि एन्कोडर लवचीक कपलिंगने जोडले. ताठ कपलिंग किंचित जरी वाकडं बसलं तरी पुन्हा तोच फेरीमागचा हेलकावा येतो.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवायला हवी: एन्कोडर चाक मोजतो, उंदीर नाही. उंदीर थांबला तरी चाक जडत्वाने फिरत राहतं आणि तो त्यावर बसून मागे-पुढे झुलतो. जड चाकात हे काही सेकंद चालतं. म्हणून बाजूने कॅमेरा हवाच.

६ जून

तारेचं वजन पेलायला कमुटेटरच्या (तारेला पीळ बसू न देणाऱ्या फिरत्या जोडणीच्या) वर कप्पी आणि प्रतिवजन. प्रतिवजन तारेपेक्षा किंचित हलकं. जास्त झालं तर डोकं वर ओढलं जातं, मान ताठते आणि स्नायूंचे सिग्नल वाढतात. हेडस्टेजवरच, म्हणजे डोक्यावरच्या छोट्या ॲम्प्लिफायरवरच, सिग्नल डिजिटल होतो: १६ बिट, एक पायरी ०.१९५ मायक्रोव्होल्टची. तारेच्या हलण्याने सिग्नल बिघडण्याचा मोठा भाग त्यामुळे टळतो. सगळा नाही, हे पुढे येईलच.

११ जून: इलेक्ट्रोड

इन्सुलेशन असलेली स्टेनलेस स्टीलची ५० मायक्रॉनची तार, आठ नग. टंगस्टन सरळ राहतं, तरी स्टील मुद्दाम निवडलं. शेवटी टोकातून थोडी वीज सोडली की लोखंडाचे कण ऊतीत उतरतात, आणि पोटॅशियम फेरोसायनाइडने तिथे निळा ठिपका उमटतो. टोक कुठल्या थरात होतं याची खात्री त्याने होते.

आठही तारा सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी लावून टोकं जिन्याच्या पायऱ्यांसारखी कापली, दोन टोकांत २०० मायक्रॉनचं अंतर. पहिल्यापासून आठव्यापर्यंत १.४ मिमी. खरा भर याच जिन्यावर आहे. एका टोकाने थीटा ‘आहे’ एवढंच कळतं. जिन्यामुळे ती कोणत्या खोलीवर उलटी होते ते दिसतं.

सलाइनमध्ये १ किलोहर्ट्झवर इम्पिडन्स (टोकाचा विद्युत अडथळा) मोजला. ५० ते १५० किलोओहम आलेल्या तारा ठेवल्या. अर्ध्या मेगओहमच्या वर गेली तर टोकावर गोंद चढलेला असतो, नव्या पात्याने केसभर कापायची. १० किलोओहमच्या खाली गेली तर इन्सुलेशन खरवडलेलं असतं, ती तार टाकून द्यायची. शेजारच्या दोन तारा आतून चिकटल्या आहेत का, हेही आताच पाहायचं. बसवल्यावर दोन टोकांवर हुबेहूब एकच सिग्नल दिसला तर पर्याय उरत नाही.

१६ जून: शस्त्रक्रिया

भुलेसाठी आयसोफ्लुरेन सुरुवातीला ४ टक्के, नंतर १.५ ते २ टक्के. शरीराचं तापमान ३७ अंशांवर धरलं. वेदनेसाठी मेलोक्सिकॅम त्वचेखाली १ मिलिग्रॅम प्रति किलो. डोळ्यांना मलम.

ब्रेग्मा आणि लॅम्डा (कवटीच्या सांध्यांवरच्या पुढच्या आणि मागच्या खुणा) यांच्या उंचीतला फरक ०.०५ मिमीच्या आत येईपर्यंत पुढे जायचं नाही. जिना सरळ उतरला तरच थरांचा क्रम बरोबर येतो. जागा: ब्रेग्माच्या ३.८ मिमी मागे, मध्यरेषेपासून २.५ मिमी. ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं कडक आवरण, सुईच्या टोकाने पूर्ण उघडला. न उघडता तारा ढकलल्या तर त्या वाकतात आणि खालचा मेंदू दबतो. शेवटचा मिलिमीटर मिनिटाला ०.१ मिमीच्या चालीने. सर्वांत वरचं टोक ड्युरापासून २.० मिमी, सर्वांत खालचं ३.४ मिमी. म्हणजे हिप्पोकॅम्पसच्या सीए१ या भागाच्या वरच्या थरापासून त्याखालच्या डेंटेट जायरस या भागापर्यंत.

कवटीत एकूण सहा स्क्रू. त्यातले दोन अनुमस्तिष्कावर, लॅम्डाच्या मागे सुमारे २ मिमी. एक संदर्भ (ज्याच्या तुलनेत सिग्नल मोजला जातो), एक ग्राउंड. फार मागे गेलं तर मानेचे स्नायू जिथे कवटीला चिकटतात तिथे स्क्रू बसतो, आणि संदर्भातच स्नायूंचा आवाज शिरतो. तिसरी सुटी तार तिसऱ्या स्क्रूवर राखीव ठेवली. तिचा उपयोग पुढे झाला.

डेंटल सिमेंट पातळ थरांत, प्रत्येक थर निवू देऊन. घट्ट होताना ते तापतं. सिमेंट लावण्याआधी हाड खडखडीत कोरडं हवं. ओलाव्यावर लावलेली टोपी दोन आठवड्यांत डगमगते.

१७ ते २३ जून

आराम. रोज वजन. तिसऱ्या दिवसापासून वजन वर. शेवटचे तीन दिवस चाकाची ओळख, तारेशिवाय.

२४ जून: पहिली नोंद

सॅम्पलिंग ३० हजार प्रति सेकंद. पहिल्याच मिनिटाला ५० हर्ट्झची जाड पट्टी. तीही एकटी नाही. १०० आणि १५० वरही पट्ट्या आहेत. १५० हर्ट्झ सगळ्यात त्रासदायक, कारण धावणं थांबल्यावर येणाऱ्या रिपलचा (हिप्पोकॅम्पसमधल्या क्षणिक, जलद थरथराटाचा) पट्टा साधारण १५० ते २५० हर्ट्झचा आहे. ५० हर्ट्झ गॅमा या थीटाहून जलद लयीच्या मधोमध बसतं. तेवढीच वारंवारता कापणारा नॉच फिल्टर लावून मोकळं व्हायचा मोह होतो, पण त्या जागेचा खरा सिग्नलही त्याबरोबर जातो आणि भोवतालच्या लाटांच्या कला (कोणत्या क्षणी शिखर, कोणत्या क्षणी दरी) बिघडतात. उगमच बंद करायचा. एक एक उपकरण बंद करत गेलो. एलईडी दिव्याचा ॲडॅप्टर हा मुख्य उगम निघाला. तो काढून दिवे बॅटरीवर घेतले. नोंदवणारा लॅपटॉपही बॅटरीवर. फॅरडे पिंजरा, चाकाचा सांगाडा आणि ग्राउंड यांचं अर्थिंग एकाच बिंदूवर आणलं. आधी पिंजरा भिंतीतल्या अर्थिंगला आणि हेडस्टेज ॲम्प्लिफायरमार्गे दुसऱ्या अर्थिंगला जोडलेला होता. हे वेटोळं म्हणजे ५० हर्ट्झ पकडणारा अँटेनाच.

वीज गेल्यावर खोली इन्व्हर्टरवर जाते. साध्या इन्व्हर्टरची लाट पायऱ्यापायऱ्यांची असते आणि त्यात विषम पटींच्या वारंवारता भरपूर. त्या काळातली नोंद वापरायची नाही. वेळ लिहून ठेवायची.

२६ जून

धावताना अधूनमधून मोठे उभे फटके. उंदराची लोकर आणि ॲक्रिलिक घासून स्थिर वीज साठते आणि पंजामार्गे सुटते. बाहेर पावसाळी दमट हवा, पण एसीच्या खोलीत कोरडीच. चाकाच्या आतल्या जाळीखाली तांब्याची चिकटपट्टी, तिथून आसाला जोड, आणि आसावर घासणारा तांब्याच्या गुंफलेल्या तारेचा तुकडा ग्राउंडला. फटके गेले.

१ जुलै: खोटी थीटा

आजची नोंद पाहताना पहिल्यांदा आनंदच वाटावा अशी लाट: धावण्याच्या प्रत्येक टप्प्यात ७ हर्ट्झच्या आसपास, भरघोस, आणि वेगाबरोबर अगदी तालात चढणारी. वेग–वारंवारता आलेखाची रेषा पाठ्यपुस्तकात शोभेल इतकी सरळ.

ती मेंदूची नव्हती.

संशय आला तो तिच्या नीटपणामुळेच. चार सेकंदांचा एक तुकडा मोठा करून आठही वाहिन्या एकाखाली एक मांडल्या. वरून खालपर्यंत शिखराखाली शिखर, दरीखाली दरी, उंचीही जवळजवळ सारखी. खरी थीटा अशी असूच शकत नाही. सीए१ च्या पेशींच्या थरात ती ज्या कलेत असते, त्याच्या अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली, हिप्पोकॅम्पसच्या फटीजवळ, ती जवळजवळ उलटी होते आणि तिथेच सर्वांत उंच असते. मधल्या थरांत कला हळूहळू वळत जाते. आठही टोकांवर एकसारखी असलेली लाट ही एका जागी जन्मलेली आणि सगळीकडे सारखी पसरलेली लाट असते. ती जागा म्हणजे संदर्भ किंवा ग्राउंड.

मग वारंवारता नेमकी थीटासारखी का? कारण उंदराचं पाऊल. साध्या दुडक्या चालीत एकेक पाय सेकंदाला तीन-चार वेळा टेकतो. डाव्या-उजव्या पावलांबरोबर डोकं त्याच्या दुप्पट वेळा वरखाली होतं. म्हणजे ६ ते ८ हर्ट्झ, थेट थीटाच्या पट्ट्यात. आणि वेग वाढला की पावलं जलद पडतात, त्यामुळे खोटी लाटही वेगाबरोबर इमानाने चढते. धावण्याशी जोडून थीटा मोजणाऱ्या प्रत्येक प्रयोगाने आधी हा धोका निस्तरायला हवा. पट्टा तोच, दिशा तीच, आणि पाहणाऱ्याला जे हवं असतं तेच ती दाखवते.

हेडस्टेजवरच्या त्वरणमापकाच्या सिग्नलशी सुसंगती काढली तेव्हा ती या लाटेच्या वारंवारतेवर ठळक आली. मग उंदीर शांत बसलेला असताना जोडणीवर बोटाने अलगद दाब दिला. आठही वाहिन्या एकदम उडाल्या. ग्राउंडच्या स्क्रूवर गुंडाळलेली तार सिमेंटखाली सैल होती. सोल्डर न करता नुसती गुंडाळल्याचा परिणाम. स्टीलवर साधं सोल्डर धरत नाही, त्यासाठी आम्लयुक्त फ्लक्स लागतं आणि ते नंतर पूर्ण धुवावं लागतं. पुढच्या जनावरांसाठी तार आधीच जोडलेले स्क्रूच बसवायचे.

आता टोपी उघडता येत नाही. ग्राउंड राखीव तिसऱ्या स्क्रूवर हलवला. लाट नाहीशी झाली, आणि तिच्या जागी आधी दबून गेलेली एक लहान लाट उभी राहिली.

३ जुलै: झोपेतला साक्षीदार

उरलेली लाट तरी खरी आहे का? यासाठी सर्वांत विश्वासाची कसोटी धावण्यात नसून झोपेत आहे. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, उंदराचे स्नायू ढिले पडलेले असतात, डोकं स्थिर असतं, आणि हिप्पोकॅम्पसमध्ये मात्र स्वच्छ थीटा चालू असते. पाऊल नाही, हेलकावा नाही, चाक नाही.

दोन तास झोपेची नोंद घेतली. रेमचे तुकडे निवडण्याची अट: त्वरणमापक सपाट, मानेच्या स्नायूंचा आवाज किमान, आधी गाढ झोप. प्रत्येक वाहिनीवर थीटाची उंची आणि पहिल्या वाहिनीच्या तुलनेत कला किती वळली ते मोजलं. मग हाच आराखडा धावतानाच्या तुकड्यांवर काढला. दोन्हींत कला चौथ्या आणि पाचव्या टोकांच्या मधून वळते, आणि उंची सहाव्या टोकावर सर्वाधिक. हा ठसा जुळल्याशिवाय कुठलाही धावण्याचा तुकडा पुढच्या हिशेबात घ्यायचा नाही असा नियम केला. १ जुलैच्या आधीच्या सर्व नोंदी बाद.

वाहिन्यांची सरासरी वजा करून आवाज घालवायची सवय अनेकांना असते. इथे ती घातक आहे. आठ टोकांत काहींवर थीटा सुलटी, काहींवर उलटी. सरासरी वजा केली की प्रत्येक वाहिनीची कला बदलते आणि जिन्याचा उपयोगच संपतो.

८ जुलै: दोन घड्याळं

चाकाचा एन्कोडर आर्डुइनो उनोवर वाचला जात होता आणि वेळ त्याच्याच घड्याळावर पडत होती. या बोर्डाचं घड्याळ सिरॅमिक रेझोनेटरवर चालतं, क्वार्ट्झवर नाही. हजारात एकाचा फरक पडला तरी तासाभरात ३.६ सेकंद. थीटाचं एक आवर्तन १२५ मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे तासाच्या शेवटी वेग आणि लाट यांची जोडी सुमारे २९ आवर्तनं चुकलेली.

उपाय सोपा आहे: एन्कोडरच्या दोन्ही वाहिन्या सरळ नोंदणी यंत्राच्या डिजिटल इनपुटवर. सगळं एकाच घड्याळावर. कॅमेऱ्यासाठी दर दहा सेकंदांनी लुकलुकणारा लहान अवरक्त दिवा, त्याचं स्पंदही त्याच यंत्रात.

१४ जुलै: वारंवारता मोजणं

हिशेबासाठी सिग्नल ३० हजारांवरून १२५० हर्ट्झवर आणला. चोवीस पट घट. आधी ५०० हर्ट्झच्या खालचं ठेवणारा फिल्टर, मगच नमुने गाळायचे. उलटं केलं तर वरच्या वारंवारता खाली दुमडून येतात.

पहिला सापळा अरुंद फिल्टरचा. ६ ते १० हर्ट्झचा फिल्टर लावला की कुठलाही सिग्नल लयबद्ध दिसतो. संगणकाने बनवलेला निव्वळ यादृच्छिक आवाज यातून काढला. सुंदर ८ हर्ट्झची लाट आली. शिवाय कडेच्या ६ जवळची खरी संथ थीटा कापली जाते आणि रेषा उगाच सपाट होते. पट्टा ४ ते १२ केला, आणि त्याहून महत्त्वाचं, फिल्टर पुढून-मागून दोनदा चालवला. एकदाच चालवलेला फिल्टर लाटेला वेळेत मागे ढकलतो.

दुसरा सापळा खिडकीचा. २ सेकंदांच्या खिडकीत वर्णपटाच्या (कोणत्या वारंवारतेला किती शक्ती याच्या आलेखाच्या) पायऱ्या अर्ध्या हर्ट्झच्या. मागे शून्यं भरून आलेख गुळगुळीत करता येतो, पण भेद ओळखण्याची ताकद वाढत नाही. बदलच एक हर्ट्झचा असताना अर्ध्या हर्ट्झची फूटपट्टी भरड पडते. खिडकी मोठी केली तर तोवर उंदराचा वेग बदलून जातो.

तिसरा सापळा कमी लक्षात येतो आणि याच प्रश्नाला सर्वांत जास्त बाधतो. मेंदूच्या सिग्नलची पार्श्वभूमी उतरती असते: खालच्या वारंवारतांना जास्त शक्ती, वरच्यांना कमी. उतारावर ठेवलेल्या रुंद टेकडीचं शिखर उताराच्या वरच्या बाजूला, म्हणजे कमी वारंवारतेकडे सरकलेलं दिसतं. टेकडी जितकी ठेंगणी, तितकं जास्त सरकतं. संथ चालीत थीटा ठेंगणी असते. म्हणजे मेंदूने वारंवारता अजिबात बदलली नाही, फक्त लाटेची उंची वेगाबरोबर वाढली, तरी आलेखात वारंवारता वाढलेली दिसेल. पार्श्वभूमीचा उतार वेगळा बसवून वजा केल्यावर आमच्या रेषेचा तिरपेपणा लगेच कमी झाला.

शेवटी आवर्तनागणिक मोजणी निवडली. १ ते २५ हर्ट्झचा सैल फिल्टर, सहाव्या टोकावरच्या दऱ्या शोधायच्या, लागोपाठच्या दोन दऱ्यांतला वेळ म्हणजे एक आवर्तन. ८ हर्ट्झ म्हणजे १२५ मिलिसेकंद, ९ म्हणजे १११. फरक १४ मिलिसेकंदांचा, १२५० हर्ट्झच्या नमुन्यात सतरा-अठरा नमुने. आरामात दिसतो. ८० मिलिसेकंदांहून लहान आणि २५० हून मोठी आवर्तनं टाकली. सैल फिल्टरमुळे लाटेचा खरा आकारही टिकतो: एक बाजू उभी, एक लांबट.

२१ जुलै: वेग, त्वरण, मिनिटं

आता मूळ प्रश्न. प्रत्येक आवर्तनाला तीन आकडे चिकटवले: चाकाचा वेग, त्वरण, आणि धावणं सुरू होऊन गेलेली मिनिटं.

वेग काढताना एन्कोडरच्या मोजण्या गुळगुळीत कराव्या लागतात, आणि त्वरण हा त्याचा उतार, त्यामुळे आवाज आणखी वाढतो. गुळगुळीत करण्याची रुंदी २५० मिलिसेकंद ठेवली. त्याहून जास्त ठेवली की धावण्याची सुरुवात आधीच झाल्यासारखी भासते आणि ‘थीटा पावलाच्या आधी’ की ‘नंतर’ हे सांगता येत नाही. चाक फिरतंय पण उंदीर झुलतोय असे तुकडे व्हिडिओवरून काढले. हे हाताने केलं. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय सापडला नाही. झुलतानाच्या तुकड्यांत वेग चांगला आणि थीटा संथ, त्यामुळे ते राहिले तर नातं उगाच कमजोर दिसतं.

चाकावर वेग आणि त्वरण वेगळे करणं अवघड असतं. उंदीर सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांत वेग घेतो, मग जवळजवळ एकसारखा धावतो. क्रॉफ यांच्या गटाने याकरता रुळावरून चालणारी, तळ नसलेली गाडी वापरली. तिच्या आत उंदीर स्वतःच्या पायांनी चालतो आणि वेग गाडी ठरवते. तसं साधन इथे नाही. म्हणून जुळणी केली: वेगाच्या ५ सेंमी प्रति सेकंदाच्या एकाच कप्प्यात वेग घेत असलेली, स्थिर आणि वेग सोडत असलेली आवर्तनं वेगळी केली. त्याच वेगाला, वेग घेत असलेल्या आवर्तनांची वारंवारता वर. स्थिर आणि सोडत असलेल्यांत फारसा फरक नाही. हे २०२१ च्या निष्कर्षाच्या दिशेने जातं. मात्र स्थिर आवर्तनांतही वेगाचा थोडा तिरपेपणा शिल्लक राहतो, आणि तो पूर्ण त्वरणाचा उरलेला अंश आहे असं या माहितीवरून म्हणता येत नाही.

त्यानंतर मिनिटं. धावताना मेंदू तापतो. मोझर, मॅथिसेन आणि अँडरसन यांनी १९९३ मध्येच दाखवलं की फिरणाऱ्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधले सिग्नल त्या उष्णतेने बदलतात, आणि तो बदल शिकण्याचा समजला जाऊ शकतो. मध्यवर्ती सेप्टम, जिथून थीटाचा ताल येतो, ते थंड केलं की थीटा संथ होते, हे पीटरसन आणि बुझाकी यांनी २०२० मध्ये दाखवलं. साधा हिशेब: दहा अंशांना एखाद्या क्रियेचा दर दुप्पट होतो असं धरलं, तर एका अंशाला सुमारे ७ टक्के. ८ हर्ट्झच्या लयीला तो अर्ध्या हर्ट्झहून थोडा जास्त. आम्ही शोधत असलेल्या संपूर्ण बदलाचा मोठा हिस्सा एका अंशात येऊ शकतो. त्यात उंदीर बहुधा उशिराच्या मिनिटांत जास्त वेगाने धावतो, म्हणजे वेग आणि उष्णता हातात हात घालून चढतात.

म्हणून फक्त पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन मिनिटांतली, एकाच वेगाची, शून्याजवळच्या त्वरणाची आवर्तनं समोरासमोर ठेवली. शेवटची जलद. मिनिटं हिशेबात घेतल्यावर वेगाचा वाटा अजून आक्रसला. पुढच्या जनावरात मेंदूच्या दुसऱ्या बाजूच्या गोलार्धात तापमान मोजणारा सूक्ष्म थर्मिस्टर बसवायचा. मिनिटं ही उष्णतेची फक्त सावली आहे.

अर्थपूर्णता तपासताना प्रत्येक आवर्तन स्वतंत्र मोजलं तर कशालाही ‘अर्थपूर्ण’ म्हणता येईल, कारण शेजारची आवर्तनं एकमेकांसारखीच असतात. वेगाची मालिका वेळेत गोल फिरवून हजार वेळा तोच हिशेब केला आणि खरी रेषा त्या गर्दीत कुठे बसते ते पाहिलं. एकक आवर्तन नाही, धावण्याचा टप्पा.

२८ जुलै: बाकीच्या लयी

वर्णपटात १६ हर्ट्झजवळ दुसरी टेकडी दिसते, आणि वेगाबरोबर उंच होते. तिला स्वतंत्र बीटा लय म्हणायचं नाही. थीटाचा आकार करवतीसारखा आहे, आणि जी लाट साइनसारखी गोल नाही तिच्या दुप्पट वारंवारतेला टेकडी येतेच. धावणं जोरात आलं की करवत आणखी तिरकी होते. तपासणी: तिची कला थीटाच्या कलेशी कायम बांधलेली आहे.

गॅमाची वारंवारताही वेगाबरोबर सरकते, हे अहमद आणि मेहता यांनी २०१२ मध्ये दाखवलं आहे. आमच्याकडे ४८ ते ५२ हर्ट्झची पट्टी कोरी ठेवून दोन्ही बाजू वेगळ्या पाहिल्या. संथ गॅमावर आत्ता काही लिहिण्यासारखं नाही.

रिपल थांब्यांत आले. धावणं थांबल्यावर थीटा विरते आणि तिसऱ्या टोकावर ५० ते १०० मिलिसेकंदांचे बारीक थरथराट. पण थांबल्याबरोबर उंदीर चावतो, अंग चाटतो, आणि जबड्याच्या स्नायूंचा आवाज याच पट्ट्यात. जो थरथराट पहिल्या टोकावरही तितकाच आहे तो स्नायूंचा. तिसऱ्यावर मोठा आणि सहाव्यावर विरलेला असेल तोच रिपल.

६ ऑगस्ट: छेद

गाढ भुलेखाली तिसऱ्या आणि सहाव्या टोकातून १० मायक्रोॲम्पिअर, १० सेकंद, टोक धन. मग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, ५० मायक्रॉनचे छेद, निम्म्यांवर पेशी रंगवणारं क्रेसिल व्हायोलेट, निम्म्यांवर फेरोसायनाइडची निळी चाचणी. तिसऱ्याचा ठिपका सीए१ च्या पेशींच्या थरात, सहाव्याचा फटीला लागून. रेमच्या ठशावरून जे अनुमान काढलं होतं तेच. तारांचा मार्ग किंचित मागे झुकलेला आहे. ब्रेग्मा-लॅम्डा पातळी पुन्हा मोजायला हवी होती.

९ ऑगस्ट: पुढच्या जनावरासाठी

तार आधीच जोडलेले स्क्रू, तीन. डाव्या गोलार्धात जिना, उजव्यात थर्मिस्टर. चाकाची पट्टी ५ मिमीऐवजी ३ मिमी ॲक्रिलिकची, झुलणं कमी करायला. रेमची नोंद धावण्याच्या आधी, दर दिवशी, किमान एक तास. ठसा जुळला नाही त्या दिवशी उंदराला चाकावर सोडायचं, पण नोंद हिशेबात धरायची नाही.